मैदानावरची माणसं : पाठीवरचा खो



मागच्या शनिवारी आमच्या पाचवीच्या वर्गात जोरदार भांडण झालं. भांडणाचं कारण होतं व्हॉलीबॉल. शाळेमागच्या मोकळ्या जागेत मुलांनी दोन बांबू रोवले, कुणाच्या तरी घरून मासेमारीचं जुनं जाळं आणून बांधलं आणि दोन संघ पाडले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग प्रश्न आला, कॅप्टन कोण?

“बॉल माझा आहे, म्हणून कॅप्टन मी,” एक म्हणाला.

“माझी सर्व्हिस सगळ्यांत जोरात जाते. मीच कॅप्टन!” दुसरा म्हणाला.

“माझा काका महोत्सवात खेळलाय,” तिसऱ्यानं सांगितलं.

आता आपल्या वसई-विरारमध्ये हे तिसरं कारण काही साधंसुधं नाही. डिसेंबरात वसईच्या नरवीर चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथं खेळलेलं असतं, नाहीतर निदान वडापाव खात खात कडेला उभं राहून ओरडलेलं तरी असतं. त्यामुळे काकांचं नाव निघाल्याबरोबर सगळे काका, मामा आणि मोठे दादा मैदानात उतरले आणि भांडण काही मिटेना. शेवटी प्रकरण माझ्या टेबलापाशी आलं.

मी फळ्यावर प्रश्न लिहिला, ‘कप्तान काय करतो?’ उत्तरं धडाधड आली. ‘टॉस करतो.’ ‘कप घेतो.’ ‘दुसऱ्यांवर ओरडतो.’ ‘फोटोत मधोमध बसतो.’

मी म्हटलं, “व्हॉलीबॉलच्या मोठ्या सामन्यात कप्तानाच्या छातीवरच्या नंबराखाली एक पट्टी असते. पंचांशी बोलायचं तर ते मैदानावरच्या कप्तानानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. हा झाला मान. आता दुसरा नियम ऐका. ब्लॉक सोडला, तर कुठल्याही खेळाडूला लागोपाठ दोनदा चेंडू मारता येत नाही. कप्तानालासुद्धा नाही. म्हणजे कितीही मोठा खेळाडू असला, तरी चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यावाच लागतो.”

“मग बाई, कप्तानाचा उपयोग काय?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर म्हणून मी मुलांना भारताच्या एका कप्तानाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते. ही कप्तान व्हॉलीबॉलची नाही, आपल्या मातीतल्या खो-खोची आहे. तिचं नाव सारिका काळे.

एक वेळचं जेवण

सारिका धाराशिव जिल्ह्यातली. २०२३ सालापर्यंत या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, त्यामुळे जुन्या बातम्यांत तुम्हाला तेच नाव सापडेल. नकाशा उघडून बघा. आपण समुद्राच्या काठाला, आणि धाराशिव पार तिकडे मराठवाड्यात. आपल्याकडे पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून विरार गाडी बंद पडते. तिकडे मात्र पाऊस रुसला की पिण्याच्या पाण्याचे हाल. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला चक्क रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं.

सारिकाच्या घरची परिस्थिती बेताची, खरं तर बेताहूनही कमी. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं. आई शिवणकाम करायची. आजी-आजोबांच्या कमाईचा घराला आधार होता. सारिका तेरा वर्षांची असताना एका भावंडानं तिला खो-खोच्या मैदानावर नेलं. ती खेळायला लागली आणि मग खेळतच राहिली.

आता एक गोष्ट जरा लक्ष देऊन वाचा. २०२० साली तिला मोठा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तिनं पत्रकारांना सांगितलं, की जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवत होती. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर.

तुम्हाला खो-खो माहीत आहे. नेहमीच्या पद्धतीच्या सामन्यात एक पाळी नऊ मिनिटांची असते. एक संघ पाठलाग करतो, दुसरा पळतो. मग उलट. असे दोन डाव. पळायला एकदम सगळे उतरत नाहीत, तिघातिघांची तुकडी उतरते. एकदा उतरलात, की पाठलाग करणारा ताज्या दमाचा गडी सारखा बदलत राहतो, आणि तुम्ही मात्र तेच! वाकायचं, हुलकावणी द्यायची, खांबाला वळसा घालायचा, पुन्हा उलटं पळायचं. अशा खेळाला पोटात काहीतरी लागतं. सुट्टीच्या आधीच्या तासाला तुमचं गणितात लक्ष लागत नाही ना? मग एक वेळ जेवून दहा वर्षं हा खेळ खेळायचा म्हणजे काय असेल, याचा विचार करा.

तरीही सारिकानं घरच्यांबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट तिनं सांगितलं, की इतक्या अडचणी असूनही घरच्यांनी तिला स्पर्धेला जाण्यापासून कधी अडवलं नाही. घरात पैसा नव्हता, पण ‘मुलीच्या जातीला कशाला हवा खेळ’ हे वाक्यही नव्हतं. पालकहो, हे वाक्य घरात नसलं, की मुलीच्या पायाला बळ येतं.

गुवाहाटीचं सोनं

तिला मार्गदर्शन करणारे प्रशिक्षक होते डॉ. चंद्रजित जाधव. धाराशिवच्या मैदानावरून सारिका राज्याच्या संघात गेली, तिथून भारताच्या संघात गेली आणि पुढे भारताची कप्तान झाली.

२०१६ च्या फेब्रुवारीत बारावी दक्षिण आशियाई स्पर्धा आसाममधल्या गुवाहाटीत आणि मेघालयातल्या शिलाँगमध्ये झाली. आपल्या शेजारच्या देशांची ही स्पर्धा. तिच्यात खो-खोचा समावेश पहिल्यांदाच झाला होता. विचार करा! ज्या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात डेक्कन जिमखान्यात बसून लिहिले गेले, जो खेळ आपण शाळेच्या पटांगणात फक्कीनं रेघा मारून खेळतो, तो खेळ भारताचा झेंडा घेऊन दुसऱ्या देशांबरोबर खेळायचा होता. भारतानं मुलांचं आणि मुलींचं अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. मुलींच्या संघाची कप्तान होती सारिका काळे.

इथं माझ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. गोष्ट संपली असं त्यांना वाटलं. “थांबा,” मी म्हटलं, “खरी गोष्ट आता सुरू होतेय.”

दार बंद

सुवर्णपदक गळ्यात घालता येतं, पण त्याचं पीठ दळून आणता येत नाही. त्याच २०१६ सालात सारिका अगदी खचून गेली. घरातली पैशाची ओढाताण काही संपत नव्हती. आपण खेळत बसलोय, घराला आपला काय उपयोग, असं कुणाच्याही मनात येईल. सारिकानं ठरवलं, खेळ सोडायचा. ती घरात एका खोलीत एकटीच राहू लागली. देशाची कप्तान, आणि मैदानाकडे पाठ फिरवून खोलीत बसलेली!

आता खो-खोचा एक नियम आठवा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठजण चौकोनात बसलेले असतात, एकाचं तोंड इकडे, तर पुढच्याचं तिकडे. पळणारा गडी अगदी नाकासमोरून गेला, तरी बसलेल्याला आपणहून उठता येत नाही. उठला की फाउल! त्याच्या मागून कुणीतरी यावं लागतं, पाठीला हात लावावा लागतो आणि ऐकू येईल असं ‘खो’ म्हणावं लागतं. मगच उठायचं आणि सुसाट सुटायचं.

सारिका अशीच बसली होती. आपणहून उठणं तिला जमत नव्हतं. मग तिला खो कुणी दिला? तिच्या आजीनं!

आजीनं नातीची अवस्था पाहिली आणि ती प्रशिक्षक जाधव सरांच्या कानावर घातली. आजीनं केलं ते एवढंच. जाधव सर सारिकाशी बोलले. त्यांनी तिची समजूत काढली, धीर दिला. सारिका मैदानावर परत आली. पुढे जाधव सरांनीच सांगितलं, की तिच्या आयुष्याला वळण मिळालं ते इथे.

आजीला हे लपवता आलं असतं. ‘घरातली गोष्ट घरात’ असं म्हणून ती गप्प बसली असती, तर आपल्याला ही गोष्ट वाचायलाच मिळाली नसती. पण तिला कळलं, की हे आपल्या एकटीच्यानं होणारं नाही. तिनं योग्य माणसाला सांगितलं.

माझ्या वर्गातला खो

इथं मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी मी शाळेच्या खो-खो संघाचा सराव घेत होते. शाळा सकाळची, म्हणून सराव त्याच्याही आधी. संघात एक मुलगी फार चपळ होती. पण दहा मिनिटं झाली, की ती पायरीवर जाऊन बसायची. विचारलं, की म्हणायची, “बाई, पोटात दुखतंय.” रोजचंच झालं. एक दिवस मी सगळ्यांसमोर तिला बोलले, “कामचुकारपणा करायचा असेल तर संघात येऊ नकोस.” दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

दोन दिवसांनी तिची मैत्रीण वर्ग सुटल्यावर रेंगाळली. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, “बाई, ती कामचुकार नाहीये. तिची आई पहाटेच कामाला जाते गाळ्यात. ही काही न खाताच येते. दुपारची खिचडी मिळेपर्यंत तिच्या पोटात काही नसतं.”

मला त्या दिवशी घास गोड लागला नाही. पोटातलं दुखणं खरंच होतं, मलाच ते ओळखता आलं नव्हतं. मी त्या मुलीच्या घरी गेले आणि तिची माफी मागितली. मग वर्गाच्या कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी, गूळ-शेंगदाण्याचा एक डबा ठेवला. ज्याला लागेल त्यानं घ्यावं, कुणी कुणाला विचारायचं नाही. ही गोष्ट हळूहळू पालकांपर्यंत पोचली. एकांनी वाडीतला केळ्यांचा घडच्या घड पाठवून दिला. वसईची केळी! दोन दिवसांत फस्त झाली, हे काही सांगायला नको.

ती मुलगी परत आली. ती काही राज्याच्या संघात गेली नाही. पण दहाव्या मिनिटालाही पळत असायची, आणि हसत असायची. तिच्या मैत्रिणीला खो-खो फारसा येत नव्हता. तरी त्या वर्षीचा सगळ्यांत चांगला खो तिनंच दिला, असं मी मानते.

बावीस वर्षांनी

आता सारिकाकडे परत येऊ. ती खेळत राहिली. पुढे तिला सरकारी नोकरी मिळाली आणि घराला स्थिर आधार आला. २०२० साली ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. एके काळी जिला रिकाम्या पोटी पळावं लागलं, तिच्याच हातात तालुक्यातल्या मुलामुलींच्या खेळाचं काम आलं.

त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाडूला भारत सरकारकडून मिळणारा हा फार मोठा मान. खो-खोला याआधी तो मिळाला होता १९९८ साली, शोभा नारायण यांना. म्हणजे मधे तब्बल बावीस वर्षं गेली! १९९८ साली जन्मलेलं बाळ २०२० साली कॉलेज संपवून बाहेर पडलं, एवढा काळ. २०२० साली पुरस्कार दिले गेले २९ ऑगस्टला, हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिवशी. त्या वर्षी करोनाची साथ होती, म्हणून समारंभ पहिल्यांदाच ऑनलाइन झाला. तुमच्या शाळा तेव्हा मोबाइलवर भरत होत्या, तसाच अर्जुन पुरस्कारही पडद्यावरून दिला गेला.

एकदा वाट मोकळी झाली, की मागून येणाऱ्यांना सोपं जातं. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींची कप्तान होती दिल्लीची नसरीन शेख. तिनंही सुवर्णपदक आणलं, आणि तिलाही पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. मग आलं २०२५ साल. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी महिन्यात दिल्लीत झाला. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कप्तान कोण होती, माहीत आहे? आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मुलांच्या संघानंही नेपाळलाच हरवून विश्वचषक जिंकला, आणि त्यांचा कप्तान प्रतीक वाईकर हाही महाराष्ट्राचाच.

सारिका त्या संघात नव्हती. पण खो-खोत कसं असतं, गडी बाद करणाऱ्याचं नाव गुणफलकावर लागतं, आणि त्याच्या आधी चार-पाच जणांनी खो देत देत पळणाऱ्याला कोपऱ्यात आणलेलं असतं. बघणारा जाणकार असला, की त्याला ते चार-पाच जणही दिसतात.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा-मुलगी मैदानावरून आली, की आपण विचारतो, “जिंकलात का?” त्याबरोबर “काय खाल्लंस?” आणि “आज कोण खेळायला आलं नाही?” हेही विचारून बघा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात कधी कधी एखाद्या घराची कहाणी असते. आपलं मूल अचानक गप्प झालं, दार लावून बसू लागलं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. शाळेत या, बाईंना नाहीतर सरांना भेटा. शिक्षक चुकतात, माझीच गोष्ट वर वाचलीत. पण कुणी सांगितलं, तर आम्हाला कळतं.

मग कॅप्टन कोण झाला?

हो, ते राहिलंच! गोष्ट संपल्यावर वर्ग जरा वेळ शांत होता. मग बॉलवाला उठला आणि म्हणाला, “बाई, बॉल माझाच आहे. पण दर आठवड्याला कॅप्टन बदलू. पहिल्या आठवड्यात मात्र मी.” त्याचं पहिलं काम मी त्याला तिथंच सांगितलं : जे चौघं-पाचजण नेहमी कडेला उभे राहून नुसते बघतात, त्यांना जाऊन विचारायचं, ‘तुम्ही का खेळत नाही?’

सोमवारी तो माझ्याकडे आला. कडेला उभ्या राहणाऱ्यांपैकी एकाला चश्मा फुटायची भीती वाटत होती, दुसऱ्याला कुणी कधी बोलावलंच नव्हतं, आणि दोघी मुलींना वाटत होतं, की हा खेळ फक्त मुलांचा आहे. त्या दोघी आता खेळतात. त्यांतली एक अशी सर्व्हिस मारते, की जोरात सर्व्हिसवाला कॅप्टन हल्ली जरा गप्पच असतो!

एवढं करून पाहा

या आठवड्यात तुमच्या वर्गात नजर फिरवा. कुणी नेहमी कडेला बसतं का? कुणाचा डबा रोज रिकामा असतो का? त्याची चेष्टा करू नका, चारचौघांत विचारूही नका. शेजारी जाऊन बसा, डबा मधे ठेवा. आणि आपल्याच्यानं होण्यासारखं नसेल, तर सारिकाच्या आजीसारखं करा. तुमचा विश्वास असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. ही चहाडी नव्हे बरं का!

खो हळू आवाजात दिला तरी चालतो. फक्त समोरच्याला ऐकू गेला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या मैदानावर, नव्या माणसाबरोबर. तोपर्यंत भरपूर खेळा, आणि खेळायच्या आधी काहीतरी खाऊन घ्या.

तुमच्या बाई